दहावी झाली, आता अकरावी सायन्सले कोणते विषय? खेड्यातल्या पोरापोरींसाठी

निकाल लागला की आठ-पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. कोणाचा बाप, कोणाचा मामा, कधी पोरगी स्वतः. "मॅडम, पोरीले ७८ टक्के पडले, सायन्स झेपन का?" नाहीतर "गणित ठेवू का सोडू?" मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवते, स्वतः दारव्ह्याकडच्या खेड्यातली, पूर्ण मराठी मीडियमची, म्हणून हे प्रश्न मला परके नाहीत. फोनवर पाच मिनिटात सांगितलेलं अर्धं डोक्यावरून जाते आणि घाईत मीही काही विसरते, म्हणून यावेळी सगळं बसून लिहिलं. आईबापांनीही वाचा, नाहीतर पोरांकडून वाचून घ्या.

आधी हे समजून घ्या की निवडायचं नेमकं काय आहे

बऱ्याच जणांना वाटते सायन्स म्हणजे एकच गठ्ठा, घेतलं की झालं. तसं नाही. आपल्या स्टेट बोर्डात सहा मुख्य विषय असतात. इंग्रजी सगळ्यांना. दुसरी भाषा, म्हणजे मराठी, हिंदी, संस्कृत वगैरे, किंवा तिच्या जागी आयटी. फिजिक्स आणि केमिस्ट्री हे दोन तर सायन्सवाल्यांना धरूनच चला. राहिल्या दोन जागा, आणि सगळी मारामारी या दोन जागांची आहे: गणित, बायोलॉजी, भूगोल, कुठेकुठे जिऑलॉजी, नाहीतर बायफोकल. यांच्याशिवाय पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण असते, ते ग्रेडचे, त्याची चिंता नको पण वही पूर्ण ठेवा.

ग्रुप म्हणतात तो यावरूनच. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेतलं तर पीसीएम. गणिताच्या जागी बायो तर पीसीबी. दोन्ही घेतले तर पीसीएमबी, ज्याला आपल्याकडे सगळे जनरल सायन्स म्हणतात.

बायफोकल म्हणजे २०० मार्कांचा व्यवसाय विषय, जसं कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स. तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा खातो. यात प्रॅक्टिकलचे मार्क जास्त असतात म्हणून टक्केवारी चांगली पडते, पण कॉम्प्युटर सायन्स घेतलं की बहुतेक पोरांचं बायो जाते हे ॲडमिशनच्या खिडकीवर कोणी सांगत नाही, आणि दिवाळीत पोरगं म्हणते मला नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) द्यायची होती. बायफोकलची फी पण वेगळी लागते, ती आधी विचारा.

कोणता विषय सोडला की कोणतं दार बंद होते

"पुढे काय बनायचं" हा प्रश्न पंधरा-सोळा वर्षांच्या लेकराला विचारून फायदा नाही, त्याला खरंच माहीत नसते आणि त्यात त्याची काही चूक नाही. मी उलटं विचारते. हा विषय सोडला तर कुठे जाता येणार नाही, आणि ते चालेल का तुला?

गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं. आपल्या राज्यात बी.ई., बी.टेक.ला फिजिक्स आणि गणित लागतेच. व्हीएनआयटी नागपूर असो, अमरावती, यवतमाळ किंवा चंद्रपूरचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग असो, गणिताशिवाय फॉर्मच पुढे सरकत नाही. एनडीएतून एअरफोर्स किंवा नेव्हीत जायचं असेल तर फिजिक्स-गणित पाहिजे, आर्मीची बाजू कोणत्याही शाखेला उघडी आहे. आमच्याकडे पहाटे चारला उठून भरतीचं रनिंग करणारी पोरं खूप, त्यांनी अग्निवीरच्या टेक्निकलसाठीही पीसीएम लागते हे लक्षात ठेवा. नंतर बी.एस्सी. करून गणित किंवा फिजिक्सचं शिक्षक व्हायचं असेल तरी तेच.

बायो सोडलं की नीटची सगळी लाईन गेली. एमबीबीएस, बीडीएस (दातांचा डॉक्टर), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि जनावरांचा डॉक्टर सुद्धा, नागपूरचं व्हेटर्नरी कॉलेज नीटवरच घेते. बी.एस्सी. नर्सिंगलाही फिजिक्स-केमिस्ट्री-बायो लागते, त्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, वेगळी असते. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला मात्र सायन्सच पाहिजे असं नाही, आर्ट्सची पोरगीही करू शकते. हे मुद्दाम सांगते कारण निव्वळ जीएनएमसाठी म्हणून सायन्समध्ये ढकललेल्या आणि फिजिक्समध्ये अडकून बसलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत.

आता दोन्ही बाजूंनी उघडी असलेली दारं, जी आपल्याकडे सगळ्यात कमी लोकांना माहीत असतात. बी.फार्म. आणि डी.फार्म. दोन्ही ग्रुपवर होते, गणित किंवा बायो कोणतंही एक चालते. बी.एस्सी. ॲग्री दोन्ही ग्रुपवर होते, त्यासाठी एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) द्यावी लागते, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि त्याची कॉलेजं यातूनच भरतात. ज्याच्या घरी कपाशी-सोयाबीन आहे, ज्याला वावरात जायला आवडते आणि जीव मातीत आहे, त्याला लोक आपले "डॉक्टर नाहीतर इंजिनिअर" हेच विचारून राहिले, ॲग्रीचं नावच निघत नाही. वनरक्षक भरतीलाही बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यातला एखादा विषय असला की चालते, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटाकडच्या पोरांना ते दार सायन्सच्या कोणत्याही ग्रुपने उघडं आहे.

एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती यांना कोणती शाखा असं काही नाही. ज्याचं मन तिकडेच आहे त्याने केवळ "सायन्सवाला हुशार" म्हणून सायन्स घेऊ नये. आर्ट्स घेऊन दोन वर्षं मन लावून वाचन केलं तर तो जास्त पुढे जातो.

आणि ज्याला इंजिनिअरिंगच करायचं आहे, हातकाम आवडते, पण घरची परिस्थिती बेताची आहे, त्याने दहावीनंतरच्या पॉलिटेक्निकचा विचार अकरावीच्या आधी करावा. तीन वर्षांचा डिप्लोमा, नंतर पाहिजे तर डिग्रीला थेट सेकंड इयर. डिप्लोमाला गेलेली पोरं मागे राहतात ही समजूत कुठून आली माहीत नाही, आमच्या गावातल्या पहिल्या तीन इंजिनिअरपैकी दोन डिप्लोमावाले आहेत.

मे महिन्यात पुस्तक उघडून बसा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

दहावीचा पेपर मार्चमध्ये संपतो. निकाल, फॉर्म, यादी होईपर्यंत दोन-अडीच महिने हातात असतात आणि आपल्याकडे तेव्हा ऊन इतकं असते की दुपारी बाहेर निघणं होतच नाही. गावातल्या अकरावी झालेल्या पोराकडून जुनी पुस्तकं आणा. नाही मिळाली तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे, मोबाइलवर उतरवून घ्या. मग पंधरा दिवस, रोज दोन तास, असं करा:

फिजिक्सचे पहिले दोन धडे वाचा. पहिला युनिट्स अँड मेजरमेंट्स, तो दहावीसारखाच वाटेल. दुसरा मॅथेमॅटिकल मेथड्स, खरी परीक्षा इथे आहे. त्यात व्हेक्टर आहे, थोडं डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन आहे. एकटं वाचून समजणारच नाही, न समजण्याने घाबरू नका, कोणाला तरी विचारा, यूट्यूबवर मराठीतून पहा, आणि मग पुस्तकातले सोडवलेले गणित पुस्तक झाकून पुन्हा सोडवा. चार दिवसांनी पुन्हा तेच.

गणिताचं पहिलं पुस्तक घ्या, अँगल अँड इट्स मेजरमेंट आणि त्यानंतरची ट्रिग्नोमेट्री. केमिस्ट्रीचा पहिला धडा, त्यात मोलची गणितं आहेत, ती करा. बायोचे पहिले दोन धडे वाचा आणि दुसऱ्या दिवशी न पाहता किती आठवते ते लिहा.

आता स्वतःकडे पहा. मार्क मोजायचे नाहीत. गणित अडलं तेव्हा वही फेकाविशी वाटली का, का जेवताना पण डोक्यात तेच फिरत होतं? बायोतली नावं पाठ करताना झोप आली का, का आईला जाऊन सांगाविशी वाटली? पंधरा दिवसांत हे इतकं स्वच्छ दिसते की मग कोणाला विचारायची गरज राहत नाही. मागच्या वर्षी एका पोरीला तिच्या काकांनी बायो घ्यायला लावलं होतं. ती पंधरा दिवस अशी बसली आणि आली ती गणिताची अख्खी वही भरून. बायोची दोन पानं होती. मी काकांना ती वही दाखवली, अजून काही बोलावं लागलं नाही.

दहावीचे टक्के यात फसवतात. दहावीला ८५ आलेलं पोरगं अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ६ आणते आणि घरी सांगत नाही. दहावीत मार्क शाळेचे अंतर्गत, भाषा, समाजशास्त्र सगळ्यांचे मिळून असतात. त्यातले गणिताचे दोन भाग आणि विज्ञानाचे दोन भाग वेगळे काढून पहा, आणि तेही पाठ करून आले का समजून आले हे पोराला स्वतःला माहीत असते, त्याला रागावून न विचारता विचारा.

अजून एक. "मला गणित आवडत नाही म्हणून मी बायो घेतो" असं म्हणणाऱ्यांसाठी. बायो घेतलं तरी फिजिक्स सुटत नाही, आणि फिजिक्समध्ये गणित आहेच, तो दुसरा धडा पीसीबीवाल्यांनाही आहे. नीटमध्ये १८० प्रश्नांपैकी ४५ फिजिक्सचे असतात, चूक उत्तराला एक मार्क कापला जातो, आणि आपल्याकडची पोरं तिथेच मागे पडतात. बायो चांगलं असूनही. म्हणून पीसीबी घेणाऱ्याने लॉगटेबल, ट्रिग्नोमेट्री, व्हेक्टर इतकं तरी गणित शिकूनच घ्यावं.

दोन्ही घेऊ का?

"गणित-बायो दोन्ही ठेवतो, लागलं तं लागलं." हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, आणि मीही हेच केलं होतं. घरात कोणी बारावी सायन्स झालेलं नव्हतं, सांगणारं कोणी नव्हतं, दोन्ही ठेवलं म्हणजे सेफ असं वाटलं. आमच्या कॉलेजात दिवाळीपर्यंत गणिताला शिक्षकच नव्हता. बायोचे प्रॅक्टिकल शनिवारी असायचे आणि शनिवारी आमच्या गावाची बस लवकर निघून जायची. बारावीला दोन्हीत काठावर राहिले, सीईटीत दोन्ही ग्रुपचा स्कोअर असा आला की कुठेच नंबर लागला नाही. नंतर बी.एस्सी. केली, फिजिक्स आवडलं, एम.एस्सी. झाली, ते चांगलंच झालं. पण ती दोन वर्षं आठवली की अजून वाईट वाटते कारण मला बायोची कधीच आवड नव्हती, मी फक्त भीतीने ठेवलं होतं.

मग पीसीएमबी कोणी घ्यावं? ज्याला दोन्ही खरंच येतात, ज्याचं कॉलेज जवळ आहे, आणि ज्याला ॲग्री, फार्मसी, नीट, इंजिनिअरिंग यातलं काय ते खरंच ठरवता आलेलं नाही. अशा पोरांनी घ्या, पण अकरावीच्या सहामाहीला पुन्हा बसून ठरवा की अभ्यासाचा जोर कशावर. विषय बोर्डाला दोन्ही राहू द्या, तयारी एकाच सीईटी ग्रुपची करा. नाहीतर सरळ पीसीएम घेऊन सहावा विषय भूगोल घ्या, किंवा भाषेच्या जागी आयटी, म्हणजे ओझं कमी होते आणि टक्के पण सांभाळले जातात.

नीटसाठी बायो राहूनच गेलं तर बारावीनंतर ते जादा विषय म्हणून देता येते, २०२३ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तशी मोकळीक दिली आहे. पण त्यात वर्ष जाते. त्या भरवशावर आज काही ठरवू नका.

कॉलेज पहायला स्वतः जा

विषय कागदावर असणं वेगळं आणि तो शिकवला जाणं वेगळं. आपल्या भागात हा फरक फार मोठा आहे आणि मला याबद्दल सगळ्यात जास्त पोटतिडकीने बोलावंसं वाटते. तालुक्यातली दोन-तीन कॉलेजं निवडा आणि जुलैची वाट न पाहता एखाद्या दिवशी बापाला किंवा मोठ्या भावाला घेऊन जा. ऑफिसात विचारू नका, तिथल्या बारावीच्या पोरांना विचारा. गणिताला सर आहेत का? कायमचे आहेत का तासिकेवर, आणि तासिकेवरचे असतील तर कधीपासून येतात? (मी स्वतः तासिकेवर आहे, आम्ही मन लावून शिकवतो, पण आमची ऑर्डर उशिरा निघाली तर तोपर्यंतचे तास जातात, ही वस्तुस्थिती आहे.) फिजिक्सचे किती प्रयोग स्वतःच्या हाताने केले? व्हर्निअर हातात धरला का? केमिस्ट्रीचं टायट्रेशन केलं का नुसती जर्नल उतरवली?

प्रॅक्टिकलला ३० मार्क असतात फिजिक्स, केमिस्ट्री, बायो प्रत्येकी. ते मार्क कसेही पडतात असं लोक म्हणतात, पण ज्याने हाताने टायट्रेशन केलं त्याला मोलॅरिटी समजते आणि ज्याने नाही केलं तो सूत्र पाठ करत बसतो.

मग बसगाडीचा प्रश्न. हे हसण्यावारी नेऊ नका. सकाळची बस कॉलेजच्या पहिल्या तासाला पोचवते का, आणि प्रॅक्टिकल संपल्यावर परतीची आहे का? ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आहे, मानव विकासच्या निळ्या बस ज्या तालुक्यांत चालतात तिथे त्याही आहेत. मुलांना पासमध्ये मोठी सवलत मिळते, भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. बस नसेल आणि हॉस्टेल लागणार असेल तर समाजकल्याणचं किंवा आदिवासी विकासचं वसतिगृह कुठे आहे, त्याचे फॉर्म कधी निघतात, हे ॲडमिशनबरोबरच पहा, ॲडमिशननंतर नाही.

मराठी मीडियमवाल्यांनो, घाबरू नका पण तयारीने या

सेमीवाल्या पोरांना गणित-विज्ञान इंग्रजीतून झालेलं असते. आपल्याला नाही. अकरावीत पहिल्या दिवशी सर फोर्स, मोमेंटम, ॲक्सिलरेशन बोलत सुटतात आणि आपण समजून राहतो की हे काहीतरी नवीन आहे, खरं तर तेच बल, संवेग, त्वरण असते जे आपल्याला दहावीत चांगलं येत होतं. शंभर पानी एक वही करा, एका बाजूला मराठी शब्द, समोर इंग्रजी देवनागरीत, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरात. मूलद्रव्य म्हणजे एलिमेंट, संयुग म्हणजे कंपाउंड, पेशी म्हणजे सेल, ऊती म्हणजे टिश्यू. दहावीची विज्ञानाची दोन्ही पुस्तकं इंग्रजी मीडियमची उतरवा आणि तुमच्या मराठी पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. धडे तेच आहेत, चित्रं तीच आहेत. दीडशे-दोनशे शब्द झाले की अकरावीचं पान उघडलं तर परकं वाटत नाही.

नीट आणि जेईई मेन (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा) मराठीतून देता येते. एमएचटी-सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मराठीतून घेता येते, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. पण दोन वर्षं इंग्रजी पुस्तकातून वाचून शेवटी पेपर मराठीतून घेतला तर उलटा गोंधळ होतो, मी पाहिलेला आहे. म्हणून अकरावीतच ठरवा आणि सराव पेपर त्याच भाषेत सोडवा.

क्लास, टायअप आणि पैशाचं

पेरणीच्या तोंडावर, बियाणं-खताला पैसा पुरत नसतो तेव्हाच क्लासवाले फी मागतात. कपाशीचा पैसा हातात येतो दिवाळीच्या पुढे. म्हणून हा हिशेब आधी घरात मोकळेपणाने बोला, पोराला माहीत असू द्या, लपवून कर्ज काढू नका.

सध्या खूप जण नाव गावाकडच्या कॉलेजात ठेवतात आणि राहतात नागपूर-अमरावतीत, लातुरात, क्लासला. त्याला टायअप म्हणतात. ज्याचा पाया पक्का आहे, घरून पैसा पुरतो, एकटं राहायची तयारी आहे त्याला जमते. पण बाकीच्यांचं प्रॅक्टिकल जाते, बोर्डाची ७५ टक्के हजेरी राहते फक्त कागदावर, आणि सोळा वर्षांचं पोरगं खोलीत एकटं रडते हे कोणाला दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे, अकरावी तरी घरून करा. अकरावी म्हणजे आराम असं समजू नका, एमएचटी-सीईटीत अकरावीचा २० टक्के भाग येतो आणि नीट-जेईईला तर दोन्ही वर्षं सारखीच.

ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या पोरांनी नागपूरच्या महाज्योती संस्थेचं जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण पहावं, दहावी होऊन अकरावी सायन्सला गेलेल्यांसाठीच ते असते, टॅब आणि इंटरनेट डेटाही देतात. जाहिरात निघते त्या दिवसांत डोळा ठेवा. आणि शिष्यवृत्तीचा महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवरचा फॉर्म अकरावीपासूनच भरायचा असतो, बारावीपर्यंत थांबू नका.

पोरीच्या शिक्षणाला पुढे पैसा कुठून आणू म्हणून आत्ताच तिला सायन्स नाकारणाऱ्या बापांना एक सांगते. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक कोर्सला कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) लागलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्री. हे ऐकून मागच्या वर्षी दोन घरांत निर्णय बदलला.

फॉर्म भरताना

२०२५ पासून अकरावीची ॲडमिशन अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाली, आधी आपल्याकडे फक्त नागपूर आणि अमरावती शहरात होती. खेड्यात सवय नसल्याने पहिल्या वर्षी खूप धावपळ झाली. फॉर्मचे दोन भाग असतात, एकात तुमची माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम, एक ते दहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे ॲडमिशन घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरवर मोठं नाव टाकू नका, जिथे बस जाते आणि शिकवणारे आहेत ते टाका. सायबर कॅफेवाल्यावर सोडून बाहेर चहा प्यायला जाऊ नका, शेजारी बसा, मोबाइल नंबर तुमचाच टाका, पासवर्ड वहीत लिहा.

फॉर्ममध्ये फक्त शाखा ठरते. विषय ठरतात कॉलेजच्या खिडकीवर, आणि तिथे गर्दी, गरमी, मागून ढकलाढकली. घरूनच सहा विषय एका चिठ्ठीवर लिहून न्या. चुकलं असं वाटलं तर पहिल्या महिन्यातच अर्ज द्या, कॉलेजं तेव्हा बदलून देतात. बारावीत गेल्यावर फार कठीण होऊन बसते.

कागदपत्रांचं थोडक्यात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर हे सेतूत आत्ताच टाका. जात पडताळणीला महिने लागतात, अकरावी सायन्समध्ये असतानाच जुने पुरावे, आजोबा-पणजोबाचे शाळेचे दाखले शोधायला लागा. अनुसूचित जमातीच्या (एसटी) पोरांनी तर अजिबात थांबू नये. सीईटीचा स्कोअर हातात आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला) नाही म्हणून सीट जाते, दरवर्षी कोणाची तरी जाते.

मग शेवटचं, जे दीड वर्षांनी लागेल पण आत्ताच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. बारावीचा बोर्डाचा फॉर्म भरला की कॉलेजात प्रीलिस्ट, म्हणजे फॉर्मातल्या माहितीची तपासायची यादी, येते, सही करायला बोलावतात. सगळे नाव आणि जन्मतारीख पाहून सही करतात. तुम्ही विषयांचे कोड पण पहा: फिजिक्स ५४, केमिस्ट्री ५५, बायोलॉजी ५६, गणित ४०, भूगोल ३९. गणिताच्या जागी ८८ दिसलं तर ते कॉमर्सचं गणित आहे, तिथेच थांबा, सही करू नका, क्लार्कला दाखवून दुरुस्त करून घ्या आणि त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.